बोलीचा गूळ

मुलांनो, आणि मुलांच्या आडून हळूच ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही फार फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा राज्यावर कोण राजा होता, ते आता कुणालाच आठवत नाही. न आठवलं तरी बिघडत नाही, कारण राजा या गोष्टीत येतच नाही. या गोष्टीत आहे एक कासार, त्याची बायको, त्याचं तट्टू आणि एक पलंग.

कासार म्हणजे बांगड्या भरणारा. तट्टूच्या पाठीवर बांगड्यांच्या पेट्या लादून तो गावोगाव हिंडायचा. बायको तट्टूच्या मागून चालायची. तिचा हात मोठा मऊ होता. तिने बांगडी चढवली की लहान पोरसुद्धा रडायची नाही. गावागावांतल्या बायका कासाराला आधी विचारायच्या, "वहिनी आल्यात का?" आणि मग बांगड्यांकडे बघायच्या.

असं चालून चालून एके वर्षी तिचे गुडघे गेले. एकदा जमिनीवर बसली की तिला उठता येईना. सकाळी कासार तिला उठवायचा, शेजारचा कुंभार हात द्यायचा. मग कासार फेरीवर गेला की ती भिंतीला टेकून, बसवलं तिथेच बसून राहायची. शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला असायचा. पण ती पाणी प्यायची नाही. पाणी प्यायलं की कधीतरी बाहेर जावं लागणार, आणि बाहेर जायचं तर उठावं लागणार. संध्याकाळी कासार घरी यायचा, तेव्हा तिचे ओठ सुकलेले असायचे आणि तांब्या भरलेलाच असायचा.

हे कळलं त्या दिवशी कासाराला जेवण गेलं नाही.

वैद्य म्हणाला, "हिला जमिनीवर बसवू नका. बैठक जरा उंच हवी, पाय खाली नीट टेकतील एवढी. मग ही आपली आपण उठेल."

झालं, कासाराने ठरवलं की पलंग आणायचा. त्या काळी साध्या घरांत पलंग कुठला? माणसं घोंगडीवर निजायची. पलंग कसा असतो, किती उंच असतो, तो घेताना काय बघायचं असतं, यातलं कासाराला काहीही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा काही गुन्हा नाही. पण ठाऊक नसताना "मला सगळं ठाऊक आहे" असं म्हणायची त्याला जुनी खोड होती, आणि ही खोड तुमच्या-माझ्या ओळखीची आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

नदीपलीकडे सुतारांचं गाव होतं. सागवानी कामासाठी ते चहूकडे नावाजलेलं होतं. बाजाराच्या दिवशी कासाराने कुंभाराची बैलगाडी मागून घेतली, कुंभारालाही सोबत घेतलं आणि तट्टू गाडीच्या मागे बांधलं.

बायको दारातून म्हणाली, "अहो, तट्टू कशाला नेताय?"

"तुला काय करायचंय?"

"ते देऊन टाकू नका हो. मला साधंसं काहीतरी आणा. टेकायला झालं म्हणजे बास."

कासार गाडीत चढून बसला. त्याच्या मनातलं गणित सोपं होतं: माझे पाय धड आहेत, हिचे नाहीत. जन्मभर ही बाई तट्टूच्या मागे धूळ खात चालली, आता तिला राणीसारखं ठेवायचं. त्याचं मन चांगलं होतं, यात शंका नाही. फक्त चांगलं मन जरा घाईत होतं.

सुतारांच्या गावात विक्रीचं सगळं एक म्हातारी बघायची. तिला लहानथोर सगळे आत्याबाई म्हणत. तिचे भाऊ आणि भाचे रंधा मारायचे, आत्याबाई ओसरीवर बसून गिऱ्हाइकाशी बोलायची. त्या गावाची एक रीत होती. गिऱ्हाइकाने वस्तू पसंत केली की आत्याबाई त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. मग ती वस्तूची बोली सांगायची, म्हणजे वस्तू कशी वापरायची, परत द्यायची झाली तर कशी द्यायची आणि कधी ती परत घेतली जाणार नाही. बोली पूर्ण ऐकायची, पटली तर गूळ तोंडात टाकायचा. नाही पटली तर गूळ परत ठेवून आल्या वाटेने जायचं. गूळ खाल्ला म्हणजे बोली मान्य.

कासार ओसरीवर आला आणि त्याची नजर एका पलंगावर खिळली. पलंगाचे चारही पाय म्हणजे चार उभे मोर होते. पायांवर नख्या, अंगावर पिसं, डोक्यावर तुरा. कुणा सरदाराच्या वाड्यासाठी केलेला असावा, असा त्याचा थाट होता.

"हाच! बदल्यात माझं हे तट्टू घ्या," कासार म्हणाला.

आत्याबाईने त्याला खालून वर बघितलं. "पाव्हणं, आधी सांगा, यावर बसणार कोण? पाय कुणाचे टेकायचेत?"

"माझ्या घरच्या माणसाचे."

"उंचीला कशा आहेत त्या?"

"आहे की बेताची."

"मग हे बघा." आत्याबाईने कोपऱ्यातल्या एका बाजल्याकडे बोट दाखवलं. साधं, बुटकं, सुंभाने विणलेलं बाजलं होतं ते. "बसायला-उठायला सोपं. याला तट्टू नको की काही नको. आमच्या सुनांना हातभर बांगड्या भरा, झालं."

कासाराने बाजल्याकडे असं बघितलं, जसं काही त्याचा अपमानच झाला होता. "आत्याबाई, मी घरी मोर घेऊन जायला आलोय."

"बरं बाई," आत्याबाई म्हणाली. तिने तट्टूचे दात बघितले, पाठ थोपटली आणि सौदा पसंत असल्याचं सांगितलं. मग गुळाचा खडा कासाराच्या हातावर ठेवला. "हा तोंडात टाकू नका अजून. आधी बोली ऐका."

तोवर गूळ कासाराच्या तोंडात गेला होता.

"अहो, अहो!"

"बोला, बोला. ऐकतोय मी. गूळ झकास आहे."

आत्याबाईने कपाळाला हात लावला, पण बोली सांगायची ती चुकली नाही. "आमचं लाकूड कोरं असतं. पलंग घरी न्या. पुढच्या बाजारापर्यंत बसून बघा, झोपून बघा. नाही सोयीचा वाटला तर आणून द्या, तुमचं तट्टू तुम्हाला परत. न्यायची गाडी तुमची, आणायचीही तुमची. पण एक—"

"माहीत आहे हो! परत आणायला कोण बसलंय?"

"पण एक ध्यानात ठेवा. त्याला तेल लावू नका, हळदकुंकू लावू नका. कुंकू लागलं की वस्तू घरची झाली. मग ती आम्ही परत घेत नाही. कळलं ना?"

"कळलं, कळलं," कासार म्हणाला. तो तेव्हा मोराच्या तुऱ्यावरून बोट फिरवत होता. कान आत्याबाईपाशी होते, लक्ष मोरापाशी होतं. आणि कानांना एकट्याने काही लक्षात ठेवता येत नाही.

पलंग गाडीवर चढला. तट्टू सुतारांच्या अंगणात राहिलं. गाडी वळली तेव्हा ते खिंकाळलं. कासाराने मागे वळून बघितलं नाही; बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

घरी पलंग उतरवला तेव्हा आळीतली माणसं गोळा झाली. "काय मोर आहेत!" "नख्या बघा, नख्या!" कासाराची छाती फुगली. बायको भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "अहो, मला आधी बसवून बघा ना त्यावर."

"अगं, नव्या वस्तूवर असं कोरंच बसतात का? लक्ष्मी आली घरात!"

त्याने हळदकुंकवाचा करंडा आणला. चारही मोरांच्या कपाळी बोटभर हळद, बोटभर कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि नमस्कार केला. आळीतल्या माणसांनी गूळखोबरं खाल्लं आणि ती आपापल्या घरी गेली.

मग कासार आणि कुंभार यांनी मिळून बायकोला उभं केलं आणि पलंगाजवळ आणलं. पलंगाची बैठक तिच्या कमरेच्याही वर येत होती. तिने टाच उचलून बघितलं. हात टेकून बघितलं. शेवटी दोघांनी तिला उचलून वर बसवलं. तिचे पाय अधांतरी लोंबू लागले.

ती आधी हसली. "अहो, मी इथून उतरू कशी?"

कासाराने कुंभाराकडे बघितलं, कुंभाराने मोरांकडे.

"राणीला उतरवून घ्यायला दासी असतात. मला कुठे आहेत?" असं म्हणून ती पुन्हा हसायला गेली, पण तिला हसता आलं नाही. तिचे डोळे भरले. तिला वाटलं होतं, आजपासून आपली आपण उठेन.

तिला पुन्हा खाली घोंगडीवर बसवलं. शेजारी तांब्या ठेवला. घरात आता मोर उभे होते, म्हणून बसायला जागासुद्धा पूर्वीपेक्षा कमी झाली होती.

कुंभार म्हणाला, "पलंगाचे पाय कापून टाका की."

"मोर कापू? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? त्यापेक्षा परत देऊ. पुढच्या बाजारापर्यंत परत घेतात, असं तिने स्वतः सांगितलंय."

बघा हं, बोलीतलं सोयीचं तेवढं त्याला बरोबर आठवत होतं. पण दुसऱ्या दिवशी गाडीवर पलंग चढवताना त्याचा हात मोराच्या कपाळाला लागला आणि तो थबकला. कुंकवाचं काहीतरी म्हणाली होती ती. काय म्हणाली होती?

त्याने ओलं फडकं घेतलं आणि मोरांची कपाळं पुसली. कोऱ्या सागवानाने ते पाणी पिऊन घेतलं आणि हळद आणखीच पसरली. घासावं तितकी ती पसरत गेली. शेवटी चारही मोर कावीळ झाल्यासारखे दिसायला लागले.

"आता चला असंच," कुंभार म्हणाला. "बैल ताटकळलेत."

आत्याबाई ओसरीवरच होती. ती गाडीपाशी आली, तिने पिवळ्या तुऱ्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. "हळद मुरली. हा परत घेता येणार नाही, पाव्हणं."

"म्हणजे? पुढच्या बाजारापर्यंत परत घ्यायची बोली आहे ना तुमची?"

"आहे. कोरा असेल तर."

"हे तुम्ही सांगितलं नव्हतं!"

"सांगितलं होतं. तुम्ही गूळ खात होतात."

रंधा मारणारे भाचे हसले. कासाराचा चेहरा लाल झाला. "एवढ्याशा हळदीपायी माझं तट्टू बुडवता? ही काय रीत झाली?"

आत्याबाई रागावली नाही. तिने विचारलं, "बांगडी भरताना तुमच्या हातून फुटली, तर नुकसान कुणाचं?"

"माझं."

"आणि मनगटात चढल्यावर?"

"बाईचं. एकदा भरलेली बांगडी कुणी परत घेतं का? आणि ते मी पेटी उघडतानाच सांगतो—" कासार बोलता बोलता थांबला.

"एखादी म्हणाली, मी रंग बघत होते, मी ऐकलंच नाही, तर?"

कासार मान खाजवू लागला. अशा किती बायकांना त्याने भररस्त्यात सुनावलं होतं, ते त्याला आठवत असावं.

"हे बघा," आत्याबाई म्हणाली, "ही रीत मी हट्टापायी पाळत नाही. एका घरात पुजलेली वस्तू दुसरं घर कशी घेईल? आणि न सांगता दिली, तर मी त्या माणसाला फसवलं. ती वस्तू मग माझ्याकडे पडून राहील आणि माझ्या भाच्यांचे कष्ट मातीत जातील. म्हणून तर आधी बोलायचं. नंतर भांडण्यापेक्षा आधी बोललेलं बरं."

कासार गाडीच्या जोखडाला टेकून खाली बसला. आणि मग, पहिल्यांदाच, त्याने तिला सगळं सांगितलं. बायकोचे गुडघे सांगितले, भिंत सांगितली, तांब्यातलं पाणी सांगितलं. 

आत्याबाई म्हणाली, "हे तुम्ही त्याच दिवशी सांगायचं होतं. पाय कुणाचे टेकायचेत, असं मी विचारलं ते उगीच नव्हतं विचारलं." मग तिने पदराने डोळे पुसले. "माझंही चुकलं जरासं. गूळ तुमच्या हातावर आधी ठेवायला नको होता. पण बोली मोडता येणार नाही. आज तुमच्यासाठी मोडली, तर उद्या माझ्या शब्दाला कोण विचारेल? तट्टू परत मिळणार नाही. करवत मात्र माझी आहे. पाय कापून पलंग बुटका करून देते. त्याबद्दल काही द्यायला नको."

एक भाचा करवत घेऊन आला. कुंभाराने पलंग आडवा धरला. करवत मोराच्या नखीवर टेकली, तेवढ्यात कासार ताडकन उभा राहिला.

"थांबा! कापलेला पाय पुन्हा जोडता येतो का?"

"नाही," भाचा म्हणाला.

"कमी कापला गेला तर?"

"आणखी कापता येतो."

"आणि जास्त कापला गेला तर?"

"मग काही इलाज नाही."

"तर मग हात लावू नका. जिला बसायचंय, तिला घेऊन येतो."

कुंभार बैलांच्या नावाने बडबडला, पण त्याने गाडी जोडली. नदी ओलांडून ते घरी गेले आणि गाडीत गवत अंथरून कासाराच्या बायकोला घेऊन आले. पाठीला उशी होती, तरी खाचखळग्यांनी ती पार शिणली होती. पण ओसरीवर बसवल्यावर तिने पहिल्यांदा बाजल्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. 

आत्याबाईने पुन्हा गुळाचा खडा काढला. या वेळी तो तिने आपल्याच मुठीत ठेवला. "कापलेला पलंग कधीच परत घेतला जाणार नाही, आज नाही, उद्या नाही. मोरांचं रूप जाईल, त्याची तक्रार चालणार नाही. पाय डगमगला तर मात्र आणा, तो आमचा दोष, तो आम्ही नीट करू. आता तुम्ही मला सांगा, मी काय म्हणाले?"

कासाराने शब्दन् शब्द सांगितला. मग बायकोने विचारलं, "बैठकीला विणलेली ही नवारीची पट्टी सैल झाली तर ती कुणी ताणायची?"

"ती तुम्ही. कशी ताणायची ते मी दाखवीन."

"मग ठीक आहे," बायको म्हणाली. तेव्हा कुठे गूळ दोघांच्या हातावर आला.

भाच्याने थोडं कापायचं, दोघांनी तिला बसवून बघायचं, तिने मान हलवायची, पुन्हा थोडं कापायचं. असं चाललं. मोरांच्या नख्या गेल्या, मग पाय गेले. उभे मोर हळूहळू बसके झाले. शेवटी एकदा तिला बसवलं, तेव्हा तिचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. तिने दोन्ही हात पलंगाच्या काठावर दाबले, श्वास घेतला, आणि ती उठून उभी राहिली.

कुणी तिला हात दिला नव्हता.

अंगणात तट्टू लाकडाचा ओंडका ओढत होतं. कासाराने बायकोकडे बघितलं, तट्टूकडे बघितलं, आणि त्याला रडू आलं. त्यात आनंदाचं किती होतं आणि तट्टूचं किती, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर सुतारांच्या गावाने आपली रीत थोडी बदलली. बोली गिऱ्हाइकाच्या तोंडून पुन्हा ऐकल्याशिवाय आत्याबाई गूळ देईनाशी झाली. काही गिऱ्हाइकं कुरकुरली. तिने त्यांना खुशाल कुरकुरू दिलं.

कासाराची बायको आता आपली आपण उठायची, आपली आपण बाहेर जायची, आणि तहान लागली की पाणी प्यायची. जवळपासच्या बायका तिच्याकडे घरी येऊन बांगड्या भरून घेऊ लागल्या. कासार मात्र पेट्या खांद्यावर घेऊन पायी हिंडायचा. लांबची गावं सुटली. तिकडे दुसरा कासार जाऊ लागला. बाजाराच्या वाटेवर कधी तट्टू समोरून यायचं, त्याला ओळखून कान टवकारायचं, आणि सुताराचा भाचा चुचकारत त्याला पुढे न्यायचा.

एका संध्याकाळी कासार घरी आला तेव्हा ओझ्याने त्याचा खांदा सुजला होता. बायको पलंगावरून उठली, तिने तेल कोमट केलं आणि ती त्याचा खांदा चोळू लागली.

कासार कण्हत म्हणाला, "तट्टू असतं, तर ही वेळ आली नसती."

बायकोचा हात थांबला नाही. ती शांतपणे म्हणाली, "बाजलं आणलं असतंत, तर मीही उठले असते आणि तट्टूही असतं. तुम्ही पलंग कोरा ठेवला असतात, तर मोर परत गेले असते आणि तट्टूही असतं. दोन्ही वेळा ती बाई सांगत होती. अहो, नुसतं ऐकायचं होतं."

तात्पर्य: वस्तू घरी आणण्याआधी ती परत कशी देता येते आणि कधी देता येत नाही, हे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घ्यावं.